नीतिसूत्रांतील सचोटी रोजच्या व्यवहारात कशी आणावी

बायबलच्या जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक आपला हेतू आरंभीच सांगते: वाचणाऱ्याला सुज्ञपणे वागण्याचे, म्हणजे नीती, न्याय आणि सरळपणा यांचे शिक्षण मिळावे (१:३, म्हणजे अध्याय १, वचन ३). शहाणपण आणि न्याय यांची येथे फारकत केलेली नाही. जो माणूस हुशार आहे, बोलण्यात चतुर आहे, पैसा राखून आहे, पण ज्याच्याशी व्यवहार करणारा दरवेळी नागवला जातो, त्याला हे पुस्तक शहाणा म्हणायला तयार नाही. आपल्या घरांत मात्र ही वचने बहुधा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेत किंवा मुलांच्या पाठांतरात भेटतात आणि त्यामुळे त्यांची धार जाणवत नाही. ती व्यवहारात आणण्याची एक पद्धत येथे मांडली आहे. तिच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे: समोरच्या माणसाला जिथे आपली तपासणी करता येत नाही, नेमक्या त्याच जागी हे पुस्तक आपल्या सचोटीची परीक्षा घेते. पिशवीतले वजन, पोरक्या मुलांच्या शेताची हद्द, थकलेली मजुरी, ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही त्याची बाजू, या त्या जागा आहेत.

वाचनाची पूर्वतयारी

पुस्तकाचे ३१ अध्याय असल्यामुळे रोज एक अध्याय वाचून महिन्यात पुस्तक पूर्ण करण्याचा क्रम पुष्कळ जण पाळतात. सवय म्हणून तो चांगला आहे. परंतु १०व्या अध्यायापासून पुढची बहुतेक वचने सुटी आहेत. एका ओळीत जिभेविषयी सांगितले जाते, दुसऱ्या ओळीत आळसाविषयी आणि तिसऱ्या ओळीत तराजूविषयी, त्यामुळे सलग वाचताना कोणतेच वचन मनात पुरेसे मुरत नाही. म्हणून पहिले नऊ अध्याय सलग वाचावेत, कारण ते बापाने मुलाला केलेले दीर्घ उपदेश आहेत, आणि १० ते २९ हे अध्याय विषयवार वाचावेत. एक वही घेऊन वजनमाप, मजुरी व देणी, साक्ष व निवाडा, हद्द व वारसा, लाच, गरीब अशी पाने करावीत आणि वाचता वाचता प्रत्येक वचनाचा आकडा त्या त्या पानावर लिहीत जावे. घाई करू नये. पाने भरली की कोणता विषय या पुस्तकाला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो ते आपोआप दिसते.

पुस्तक एका हाताने, एका काळी लिहिलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. १०:१ ते २२:१६ हा इस्राएलचा राजा शलमोन याच्या नावाने दिलेला संग्रह आहे; २५ ते २९ या अध्यायांतील सूत्रे दक्षिणेकडील यहूदा राज्याचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरून काढली, म्हणजे तो संग्रह इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीचा आहे. ३०वा अध्याय आगूराचा आहे आणि ३१वा अध्याय लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने सुरू होतो. २२:१७ पासून सुरू होणाऱ्या ‘ज्ञान्यांच्या वचनां’चे आमेनेमोपे या इजिप्शियन लेखकाच्या उपदेशग्रंथाशी जवळचे साम्य आहे. तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन विद्वानाने हे साम्य दाखवून दिले. हद्दीचा दगड सरकवू नये आणि तराजूत लबाडी करू नये या दोन्ही गोष्टी त्या इजिप्शियन ग्रंथातही आहेत. काही भाविकांना हे ऐकून अस्वस्थ वाटते. मला त्यात दिलासा वाटतो, कारण शेजाऱ्याच्या घरचे खरे शहाणपण ओळखून ते स्वीकारण्याचा मोठेपणा या पुस्तकाने दाखवला आहे.

सुरुवात वजनापासून

वहीतील वजनमापाचे पान उघडावे. खोटा तराजू परमेश्वराला ओंगळ वाटतो (११:१), हेच २०:१० आणि २०:२३ मध्ये पुन्हा सांगितले आहे. पण या पानावरचे सर्वांत लक्षवेधी वचन १६:११ आहे. त्यात खरा तराजू परमेश्वराचा आहे आणि पिशवीतील सारी वजने त्याचेच काम आहेत, असे म्हटले आहे. पिशवी कशाची, ते समजले की वचन उलगडते. त्या काळी यहूदात नाणी नव्हती. चांदी तोलूनच देणे-घेणे होई आणि व्यापारी दगडी वजने पिशवीत घालून नेत असे. यरुशलेम, लाखीश अशा ठिकाणच्या उत्खननांत चुनखडीची घुमटाकार वजने सापडली आहेत. त्यांतील शेकेल या एककाचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम भरते. लबाडी करण्याची रीत बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातील मनाईवरून कळते: पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवायची, घेताना मोठे काढायचे आणि देताना लहान. आमोस संदेष्ट्याने ज्या व्यापाऱ्यांना फटकारले ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट पाहत होते, कारण त्यांना लहान माप आणि जड शेकेल घेऊन धान्य विकायला बसायचे होते (आमोस ८:५). सणवार पाळणारी, उपासनेला हजर असणारी माणसे होती ती. त्यांच्या पिशवीत हात घालून पाहणारे कोणी नव्हते, आणि परमेश्वराच्या भयाला या पुस्तकात इतके मोल आहे ते याचसाठी.

आपल्याकडे ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आहे आणि ऊसउत्पादक शेतकरी ‘काटा मारला’ म्हणतात तेव्हा काय झाले ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु ज्याच्या हातात तराजू नाही त्यानेही हे वचन आपल्यापुरते वाचावे. त्यासाठी एका निवांत वेळी बसून आपल्या कामात समोरच्याला तपासता न येणाऱ्या गोष्टी लिहून काढाव्यात. घर विकणाऱ्याला चटई क्षेत्राचा खरा आकडा माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. गाडी दुरुस्त करणाऱ्याने जुना भाग बदलला की पुसून पुन्हा बसवला, हे मालकाला दिसत नाही. दुधात काय मिसळले, शिकवणीचा तास किती मिनिटांचा झाला, घरून काम करताना हजेरीच्या तासांत खरे काम किती झाले, जुनी मोटारसायकल विकताना कोणता दोष सांगायचा राहिला, ही सारी आजची पिशवीतली वजने आहेत. मग प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहावा: घेताना आणि देताना माझे माप एकच असते का? उधारी वसूल करताना मी दिवस मोजतो, तसे फेडतानाही मोजतो का? भाडेकरू म्हणून अनामत रक्कम ज्या दिवशी परत हवी होती, घरमालक म्हणून त्याच दिवशी मी ती देतो का? उत्तरे एका बैठकीत मिळत नाहीत, म्हणून ही यादी वहीत राहू द्यावी आणि महिन्याच्या हिशेबाच्या दिवशी तिच्यावरून नजर फिरवावी.

येथे ग्राहकालाही सूट नाही. २०:१४ मध्ये विकत घेणारा माणूस ‘वाईट आहे, वाईट आहे’ असे म्हणत वस्तूला नावे ठेवतो आणि ती घेऊन गेल्यावर स्वतःच्या चातुर्याची बढाई मारतो. घासाघीस करण्यात अन्याय नाही. भाजीवालीच्या मालाची खोटी निंदा करून, तिला संध्याकाळी जे काही येईल ते घेण्याची निकड आहे हे ओळखून भाव पाडणे यात मात्र आहे. कोणी धान्य अडवून ठेवले तर लोक त्याला शाप देतात आणि जो ते विकतो त्याला आशीर्वाद मिळतो (११:२६), हे वचनही याच पानावर असावे.

देणे वेळेवर द्यावे

ज्याचे भले करणे आपल्या हाती आहे त्याला, देण्याची ऐपत असताना, ‘जा, उद्या ये, मग देईन’ असे म्हणू नये, हे ३:२७-२८ मधील सांगणे इतके साधे आहे की ते आपण सहज ओलांडतो. त्याच्या शेजारी ‘लेवीय’ या नियमांच्या पुस्तकातील १९:१३ आणि अनुवाद २४:१४-१५ ठेवून वाचावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ राहू देऊ नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे कारण तेथे दिले आहे. हा नियम नुसता कागदावर नव्हता, त्याच्या मोडण्याची झळ खऱ्या माणसांना बसत होती, याचा एक हृद्य पुरावा १९६० मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील मसद हशव्याहू येथे सापडला. तो इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील मडक्याच्या खापरावर लिहिलेला हिब्रू अर्ज आहे. कापणी करणारा एक मजूर तेथल्या अधिकाऱ्याला विनवतो आहे की, मी ठरलेले काम पूर्ण केले असतानाही मुकादमाने माझे वस्त्र काढून घेतले, माझ्याबरोबर उन्हात राबणारे माझे सोबती साक्ष देतील, माझे वस्त्र परत करावे. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, नाहीतर तो माणूस काय पांघरून निजेल, असे निर्गम २२:२६-२७ विचारते. ते वाचून मग हा अर्ज वाचला की नियमामागचा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

आचरणात आणायचे ते असे. आपण कोणाकोणाचे देणे लागतो याची यादी करावी आणि ती रकमेच्या क्रमाने न लावता गरजेच्या क्रमाने लावावी. ज्याची चूल त्या पैशांवर पेटते त्याचे नाव सर्वांत वर असावे. बँकेचा हप्ता आपण चुकवत नाही, कारण बँक दंड लावते. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार मात्र ‘सुट्टे नाहीत’ म्हणून दोन-चार दिवस पुढे जातो, कारण त्या काही करू शकत नाहीत. दरमहा तारीख ठरवून ती पाळावी, खाड्यांचे पैसे कापायचे असतील तर ते काम ठरवतानाच सांगावे, आणि आजारपणातील खाडा व विनाकारण खाडा एकाच मापाने मोजू नये. शेतावर किंवा बांधकामावर दिलेल्या उचलीचा हिशेब मजुरालाही समजेल असा त्याच्या वहीत लिहून द्यावा. मंडळीच्या आणि संस्थांच्या कारभाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण सेवेच्या नावाखाली शिपाई, शिक्षक व सुवार्तिक यांचे वेतन थकवण्याची सवय पवित्र कामाच्या आड सहज लपते.

दोन्ही बाजू ऐकाव्यात

फिर्याद करणाराचे म्हणणे प्रथम खरे वाटते, मग दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करतो (१८:१७). ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे (१८:१३). त्या काळी निवाडे गावाच्या वेशीत होत. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज दहा वडीलधाऱ्यांना वेशीतच बसवून घेतो आणि सर्वांसमक्ष प्रश्न सोडवतो. आपल्यापैकी बहुतेक जण न्यायाधीश नसले तरी रोज निवाडे करतात: भावंडांच्या भांडणात, कार्यालयातील तक्रारीत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, सासू-सुनेच्या कुरबुरीत, मोबाइलवर आलेला एखादा आरोप पुढे पाठवताना.

म्हणून पहिल्याचे ऐकताना मान डोलावू नये. शांतपणे ऐकून ‘मी त्यांच्याशीही बोलतो’ एवढेच म्हणावे. दुसऱ्याला बोलावल्यावर त्याच्यापुढे आरोपपत्र वाचू नये, काय घडले ते त्यालाच सांगू द्यावे, आणि मग दोघांना नेमके तेच प्रश्न विचारावेत. एका पक्षाशी आपले नाते, उपकार किंवा येणे असेल तर ते उघड सांगून निवाड्यातून बाजूला व्हावे, कारण भाकरीच्या तुकड्यासाठीदेखील माणूस अन्याय करतो (२८:२१) आणि आपला तुकडा कोणता हे आपल्याला नेहमी दिसतेच असे नाही. लेवीय १९:१५ येथे एक अवघड गोष्ट सांगते: गरिबाची भीड धरू नये आणि थोरामोठ्याचे तोंडही पाहू नये. दुर्बलाला मदत करणे वेगळे आणि त्याच्या वतीने खोटा निकाल देणे वेगळे. मदत उदार हाताने करावी, पण निकाल पुराव्यावर द्यावा.

लाचेविषयीची वचने येथेच पाहावीत, कारण ती चुकीच्या तऱ्हेने वाचली जातात. देणगी माणसाची वाट मोकळी करते (१८:१६), गुप्तपणे दिलेली भेट राग शमवते (२१:१४), ही वचने दाखवून ‘चिरीमिरीला शास्त्रात आधार आहे’ असे म्हणणारे लोक भेटतात. ती जगात काय चालते याची निरीक्षणे आहेत. तसे करावे अशी आज्ञा त्यांत नाही. आज्ञेच्या जवळ जाणारे वचन १७:२३ हे आहे, आणि तेथे न्यायाची वाट वाकडी करण्यासाठी लाच घेणाऱ्याला उघडपणे दुर्जन म्हटले आहे. नीतिसूत्रे वाचताना ‘असे घडते’ आणि ‘असे करावे’ यांतील फरक प्रत्येक वचनाजवळ थांबून ओळखावा. वहीत त्यासाठी वेगळी खूण केली तरी चालेल.

हद्द आणि वारसा

वडिलांनी घातलेली प्राचीन हद्द सरकवू नको (२२:२८), पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा कैवारी समर्थ आहे, तो त्यांचा वाद तुझ्याशी लढेल (२३:१०-११). बांध कोरणे म्हणजे काय हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला या वचनांचे वेगळे स्पष्टीकरण नको. नांगराच्या एकेका फेरीने बांध दरवर्षी थोडा थोडा सरकतो. शेजारी विधवा असेल, शहरात असेल किंवा अज्ञान मुले असतील तर कोणी विचारत नाही. बायबलमध्ये या लोभाचे सर्वांत काळेकुट्ट चित्र १ राजे २१ मध्ये आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहून, दोन खोटे साक्षीदार उभे करून, त्याला दगडमाराने ठार करवले. कागदपत्रे, शिक्का, साक्ष, पंच, सारे काही तेथे रीतसर होते. कागद पक्का असला म्हणजे व्यवहार न्यायाचा झाला असे समजणाऱ्याने हा अध्याय अवश्य वाचावा.

शेजाऱ्याच्या मनात शंका असेल तर आपण होऊन सरकारी मोजणी मागावी आणि निघेल ती खूण मान्य करावी. वाटणीच्या वेळी बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवण्यापूर्वी तिच्या हिश्श्याची आजची किंमत तिला स्पष्ट सांगावी, विचार करायला अवधी द्यावा आणि दुःखाच्या दिवसांत सही मागू नये. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे, हे अनेक घरांत मुलींना सांगितलेच जात नाही. न सांगणे हीसुद्धा हद्द सरकवण्याचीच रीत आहे.

वचन कोणावर चालवावे

गरिबीविषयीची वचने नेहमी जोडीने वाचावीत. सुस्त हाताने काम करणारा दरिद्री होतो (१०:४), हे वचन सर्वांना पाठ असते. गरिबाच्या पडीक जमिनीतही भरपूर पिकेल, पण अन्याय ते वाहून नेतो (१३:२३), हे फारसे कोणाच्या तोंडी नसते. पहिले वचन स्वतःला लावायचे आणि दुसरे शेजाऱ्याकडे पाहताना आठवायचे, अशी शिस्त मला योग्य वाटते, आणि आपण बहुतेक वेळा नेमके उलट करतो. दरिद्र्यावर जुलूम करणारा त्याच्या निर्माणकर्त्याचा अवमान करतो (१४:३१). लमुएलाच्या आईने तर राजाला सांगितले की जे मुके आहेत त्यांच्यासाठी तू तोंड उघड (३१:८-९).

तसेच ही वचने हमीपत्रे नव्हेत. नीतिमानाची भरभराट होते असे सर्वसाधारणपणे म्हणणारे हेच पुस्तक अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा न्यायाने मिळवलेले थोडके बरे असेही म्हणते (१६:८), म्हणजे सरळ माणसाच्या वाट्याला थोडके येऊ शकते हे त्याला ठाऊक आहे. बायबलच्या ‘उपदेशक’ या पुस्तकात ७:१५ मध्ये आपल्या नीतिमत्त्वातच नाश पावणारा नीतिमान दिसतो, आणि निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सूत्रे पाठ असूनही चुकले, कारण ती त्यांनी राखेत बसलेल्या माणसावर चालवली. कोणी आजारी असेल, कोणाचा धंदा बुडाला असेल, कोणाचे मूल गेले असेल, तर त्याच्यासमोर पेरणी-कापणीचे वचन उच्चारू नये. मूर्खाच्या तोंडचे सूत्र म्हणजे झिंगलेल्याच्या हातातली काटेरी फांदी (२६:९), असा इशारा पुस्तकाने स्वतःच देऊन ठेवला आहे.

घेतलेले परत करावे

ही वही प्रामाणिकपणे भरली तर तीत अशा काही नोंदी होतील की ज्यांच्याबाबत पुढे नीट वागणे पुरेसे नाही. आपले दोष झाकणाऱ्याचे बरे होत नाही, जो ते कबूल करून सोडून देतो त्याच्यावर दया होते (२८:१३). कबुलीनंतर काय करावे याचा हिशेब लेवीय ६:१-५ मध्ये आहे: लुबाडलेले, जुलमाने घेतलेले, ठेव म्हणून आलेले किंवा सापडलेले जे काही दाबून ठेवले असेल ते पूर्ण परत करावे आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. म्हणजे मजुराचे १,००० रुपये बुडवले असतील तर १,२०० रुपये घेऊन जावे, आणि पाकीट नुसते हातात न ठेवता ते कशाचे आहे हे तोंडाने सांगावे. ज्याचे होते तो वारला असेल तर त्याच्या वारसांना शोधावे. जवळचा आप्तही नसेल तेव्हाची तजवीज गणना ५:८ मध्ये आहे, तेथे ती रक्कम परमेश्वराची म्हणून याजकाला देण्यास सांगितले आहे. दुकानदाराला किंवा दूधवाल्याला प्रत्येक गिऱ्हाईक आठवणे शक्य नसते. त्याने यरीहोच्या जक्कय या जकातदाराकडे पाहावे, ज्याने आपले अर्धे धन दरिद्र्यांना देऊ केले आणि ज्यांचे अन्यायाने घेतले होते त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८). जी गिऱ्हाइके ओळखीची आहेत त्यांना प्रत्यक्ष रक्कम द्यावी, उरलेल्यांची अंदाजे रक्कम काढून त्याच गावातील वा वस्तीतील गरजूंना द्यावी, कारण नुकसान त्याच लोकांचे झाले होते, आणि अंदाज करताना रक्कम आपल्या बाजूने कमी धरू नये.